‘उर्वरित’ या शब्दात हरवलेला खानदेश

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. राज्यातील निधीवाटपाचा किंवा विकासाच्या अनुशेषाचा विषय निघाला की ही तीन नावे ठरलेल्या क्रमाने उच्चारली जातात. त्यांपैकी पहिल्या दोन नावांना स्वतःचा इतिहास आहे, भूगोल आहे आणि राज्यघटनेत स्थान आहे. तिसरे मात्र नाव नव्हेच. पहिल्या दोहोंत जे बसत नाही ते सारे ‘उर्वरित’. मुंबईचा नरिमन पॉइंट, पुण्यालगतची हिंजवडी, कोल्हापूरचा ऊसपट्टा आणि सातपुड्याच्या कुशीतील अक्कलकुव्याचे पाडे हे सर्व या हिशेबात एकाच खान्यात जमा होतात. तापी आणि बोरी या नद्यांच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेला अमळनेर तालुकाही त्याच खान्यात आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील तीन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ७९ लाख होती. त्याच जनगणनेत हिमाचल प्रदेश या संपूर्ण राज्याची लोकसंख्या सुमारे ६९ लाख होती. एका राज्याहून मोठा असलेला हा प्रदेश महाराष्ट्राच्या घटनात्मक नकाशावर मात्र वेगळा दिसत नाही. हा केवळ अस्मितेचा प्रश्न असता तर तो भाषणांपुरता सोडून देता आला असता. परंतु कोणत्याही संघराज्यात किंवा मोठ्या राज्यात वाटा मिळतो तो हिशेबात धरलेल्या घटकाला. हिशेबात जो घटक म्हणून धरला जात नाही, त्याची गरज कितीही खरी असली तरी ती इतरांच्या सरासरीत विरून जाते. खानदेशाच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे.

घटक कोण, हेच ठरवते वाटा

अनेक लोकसमूह, भाषा आणि प्रदेश एकत्र नांदणाऱ्या देशांत घटकांचा दर्जा समान असतोच असे नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे पूर्वीचा सोव्हिएत संघ. तेथे संघ प्रजासत्ताक, स्वायत्त प्रजासत्ताक, स्वायत्त प्रांत आणि स्वायत्त जिल्हा अशी उतरंड होती. १९७७ च्या राज्यघटनेनुसार राष्ट्रीयतांच्या सभागृहात संघ प्रजासत्ताकाला ३२, स्वायत्त प्रजासत्ताकाला ११, स्वायत्त प्रांताला ५ आणि स्वायत्त जिल्ह्याला १ प्रतिनिधी पाठवता येई. या पायऱ्या केवळ लोकसंख्येवर ठरलेल्या नव्हत्या. तातारांचे प्रजासत्ताक लोकसंख्येने एस्टोनियाच्या दुपटीहून मोठे होते. तरी एस्टोनिया वरच्या पायरीवर आणि तातारस्तान खालच्या. १९९१ मध्ये संघ कोसळला तेव्हा वरच्या पायरीवरील १५ प्रजासत्ताके स्वतंत्र देश झाली. खालच्या पायरीवरील तातारस्तान रशियातच राहिले. कधीकाळी कागदावर ओढलेल्या रेघेने लोकांचे भवितव्य ठरवले.

लोकशाही देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये इंग्लंडवर खर्च झाला की स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना बार्नेट सूत्रानुसार प्रमाणशीर रक्कम मिळते. ‘एचएस-टू’ या अतिवेगवान रेल्वेमार्गाची आखणी पूर्णतः इंग्लंडमध्ये झाली. वेल्सच्या भूमीवर त्याचा एक मीटर रूळही नाही. तरीही सरकारी वर्गीकरणात तो ‘इंग्लंड आणि वेल्स’ या दोघांचा प्रकल्प ठरला. परिणामी स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांना त्यापोटी रक्कम मिळाली, वेल्सला नाही. येथे कोणी वेल्सचा द्वेष केला असे म्हणता येत नाही. वर्गीकरण बदलले की वाटा बदलतो, एवढेच त्यातून दिसते.

महाराष्ट्र हे बहुराष्ट्रीय राज्य नव्हे. येथील प्रदेश ही राष्ट्रे नव्हेत. परंतु निरनिराळ्या राजवटींखाली वाढलेले, निरनिराळ्या बोली बोलणारे प्रदेश १९५६ ते १९६० या काळात एकत्र येऊन हे राज्य झाले. म्हणून घटकांच्या दर्जाचा प्रश्न त्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

दारातला करार

विदर्भ पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मुंबई राज्यातील मराठी भाषकांबरोबर एकत्र यायचे तर आपल्याला दुय्यम वागणूक मिळणार नाही, याची हमी या दोन्ही प्रदेशांना हवी होती. त्या वाटाघाटींतून २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे, देवीसिंग चौहान आदी नेत्यांच्या त्यावर सह्या होत्या. विकास आणि प्रशासनासाठी महाविदर्भ, मराठवाडा आणि राज्याचा उरलेला भाग असे तीन घटक मानले जावेत. निधी, सरकारी नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणाच्या संधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळाव्यात. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे. विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात व्हावे, ही त्यातील प्रमुख कलमे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन हे त्याच कराराचे दृश्य रूप.

या करारात खानदेश कोठे होता? तो ‘राज्याच्या उरलेल्या भागात’ होता. याचे कारण सोपे आहे. खानदेश १८१८ पासून इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. म्हणजे खानदेश बाहेरून येत नव्हता, तो आधीपासूनच घरात होता. दारातून आत येणाऱ्याशी करार होतो. घरातल्याशी करार करण्याची गरज कोणाला वाटत नाही. विदर्भ आणि मराठवाड्याकडे ‘येत नाही’ म्हणण्याचा पर्याय होता, म्हणून त्यांना हमी मिळाली. खानदेशाकडे असा पर्याय नव्हता आणि त्याने हमी मागितलीही नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात खानदेश मनापासून उतरला होता. राज्यनिर्मितीची किंमतही त्याने मोजली. १९६० मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा डांग गुजरातेत राहिला आणि पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदे या भागांतील काही गावेही गुजरातकडे गेली. या बदल्यात खानदेशासाठी कोणतेही स्वतंत्र आश्वासन नोंदवले गेले नाही.

कलम ३७१ आणि तीन मंडळे

नागपूर कराराचे सार १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या कलम ३७१ मध्ये आले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापणे, विकासखर्चाचे समन्यायी वाटप करणे, तसेच तांत्रिक शिक्षण आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी देणे, यांसाठी राष्ट्रपती राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात, असे हे कलम सांगते. गुजरातसाठी याच कलमात सौराष्ट्र, कच्छ आणि उर्वरित गुजरात अशी रचना आहे.

प्रत्यक्षात ही तरतूद जवळजवळ चार दशके कागदावरच राहिली. असमतोल किती आहे हे मोजण्यासाठी १९८३ मध्ये ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. समितीने जिल्हा हा घटक मानला, रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा विषयांत राज्याची सरासरी काढली आणि त्या सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्यांना सरासरीपर्यंत आणण्यासाठी लागणारा खर्च म्हणजे अनुशेष, अशी व्याख्या केली. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. अनुशेषाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग ‘उर्वरित’ महाराष्ट्रात होता. म्हणजे ज्या भागाला ढोबळमानाने प्रगत समजले जाते, त्याच्या पोटात मागे राहिलेले जिल्हे मोठ्या संख्येने होते, हे दांडेकर समितीने चार दशकांपूर्वीच दाखवून दिले होते. जिल्हा हा घटक धरल्यामुळेच ते दिसले.

राष्ट्रपतींचा आदेश मार्च १९९४ मध्ये निघाला आणि १ मे १९९४ पासून तीन वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. त्यानंतर नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ही तारीख धरून १४,००६.७७ कोटी रुपयांचा अनुशेष निश्चित केला. विदर्भ ६,६२४.०२ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी अशी त्याची विभागणी होती. या आकड्यांच्या आधारे राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश दिले. परंतु राज्यपालांची घटनात्मक जबाबदारी तीन प्रदेशांपुरती होती. ‘उर्वरित’च्या वाट्याला आलेला पैसा त्या प्रदेशाच्या आत कोणत्या जिल्ह्यात जावा, यासाठी विदर्भ किंवा मराठवाडा या नावांसारखे संरक्षक कुंपण खानदेशाभोवती नव्हते.

मंडळांची मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली. त्या वेळी मुदतवाढ मिळाली नाही. पुढे मंडळांचा प्रश्न विधान परिषदेवरील राज्यपालनियुक्त १२ सदस्यांच्या वादात अडकला. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा आणि त्यासाठी केंद्राला विनंती करण्याचा निर्णय घेतला. मात्र तो निर्णयही त्याच तीन मंडळांचा होता. खाने तेच राहिले.

सरासरीची किमया

‘उर्वरित महाराष्ट्र’ हा खाना किती मोठा आहे, हे पाहिले म्हणजे सरासरीचा परिणाम ध्यानात येतो. राज्याच्या ३६ जिल्ह्यांपैकी विदर्भात ११, मराठवाड्यात ८ आणि उरलेले १७ या खान्यात आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या भागाची लोकसंख्या सात कोटींच्या आसपास होती, म्हणजे राज्याच्या सुमारे ६३ टक्के. त्यात खानदेशाचे प्रमाण साधारण ११ टक्के भरते. साधे गणित असे, की एखाद्या निर्देशांकात खानदेश आपल्या शेजाऱ्यांच्या तुलनेत दहा अंकांनी मागे असला, तरी त्यामुळे ‘उर्वरित’ची सरासरी जेमतेम एका अंकाने खाली येते. मुंबई, ठाणे, पुणे यांचे आकडे ती उणीव सहज झाकून टाकतात.

महाराष्ट्र मानव विकास अहवाल २०१२ मध्ये याचा पुरावा मिळतो. त्या अहवालानुसार राज्याचा मानव विकास निर्देशांक ०.७५२ होता. सर्वांत वर मुंबई, ०.८४१. सर्वांत खाली नंदुरबार, ०.६०४, गडचिरोलीच्याही (०.६०८) खाली. धुळे ०.६७१ वर आणि तुलनेने सधन समजला जाणारा जळगाव ०.७२३ वर, म्हणजे तोही राज्याच्या सरासरीखाली. राज्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा जिल्हा घटनेच्या दृष्टीने एकाच प्रदेशात मोडतात. गडचिरोलीचे मागासलेपण विदर्भाच्या हिशेबात मोजले जाते. नंदुरबारचे मागासलेपण मुंबईच्या समृद्धीत मिसळले जाते. नंदुरबारमध्ये जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, ही गोष्ट लक्षात घेतली तर या मिसळण्याची किंमत कोण चुकवतो हे वेगळे सांगायला नको.

प्रशासनाच्या रचनेतही खानदेशाचे एक केंद्र नाही. विभागीय आयुक्तालय नाशिकला. उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. मंत्रालय मुंबईला. विद्यापीठ १९९० पर्यंत पुण्याचे होते. त्या वर्षी १५ ऑगस्टला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीनच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. खानदेशाची सीमा जिथे स्पष्ट दिसते, अशी ही एक संस्था. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळ्यात १९८९ मध्ये सुरू झाले. जळगावला ते २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये मिळाले.

पाडळसे: अमळनेरचा हिशेब

अमळनेर हे काही जन्मतः मागास गाव नव्हे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील या गावात श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने कापड गिरणी, शिक्षणसंस्था आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजी येथील शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. आज ‘विप्रो’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा प्रारंभ १९४५ मध्ये अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाला. पुढे गिरणी बंद पडली, कंपनीचा मुख्य पसारा मुंबई आणि बंगळुरूला गेला. तालुका शेतीवर अवलंबून राहिला आणि शेती पावसावर.

त्या शेतीला पाणी देण्यासाठी तापीवर पाडळसे येथे धरण बांधण्याचे ठरले. ‘निम्न तापी प्रकल्प’ हे त्याचे सरकारी नाव. १९९७ मध्ये त्याला प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा अंदाजित खर्च सुमारे १४२ कोटी रुपये होता. अमळनेरबरोबरच चोपडा, धरणगाव, पारोळा आणि धुळे जिल्ह्यातील काही भागाला त्याचा लाभ अपेक्षित होता. एका पिढीचा काळ लोटला. अमळनेरकरांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. २०२३ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला सुधारित मान्यता दिली तेव्हा खर्चाचा आकडा ४,८९० कोटींवर पोहोचला होता. मूळ आकड्याच्या ३४ पट! आणि तेव्हाही धरण अपुरेच होते.

असे का व्हावे? याचे एक कारण पाण्याच्या कायदेशीर स्थितीत आहे. कृष्णेच्या पाण्याचे वाटप बच्छावत लवादाने केले होते आणि त्याच्या फेरविचारासाठी मे २००० ही मुदत होती. त्याआधी आपल्या वाट्याचे पाणी अडवले नाही तर हक्क गमावू, या भीतीने राज्याने १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापून रोख्यांद्वारे मोठा पैसा उभा केला. तापीच्या पाण्यावर अशी टांगती तलवार नव्हती. तापी पाटबंधारे विकास महामंडळ त्यानंतर, १९९७ मध्ये आले. त्याचे मुख्यालय जळगावला असल्याचे समाधान मिळाले. पैशाची निकड मात्र कृष्णेइतकी कोणाला वाटली नाही. कृष्णा आणि तापी या दोन्ही खोऱ्यांचा मोठा भाग ‘उर्वरित महाराष्ट्रा’तच येतो. त्यामुळे एका खोऱ्याला झुकते माप मिळाले तरी प्रादेशिक वाटपाच्या तक्त्यात ते दिसण्याचे कारण नव्हते. विदर्भाचा पैसा पश्चिम महाराष्ट्रात गेला तर तो अन्याय म्हणून नोंदवता येतो. तापीच्या खोऱ्याचा पैसा कृष्णेच्या खोऱ्यात गेला तर तो हिशेबाने ‘त्याच प्रदेशात’ खर्च झालेला असतो.

दुसरे कारण मोजमापाच्या पद्धतीत आहे. सिंचनाचा अनुशेष मोजताना ‘निर्माण झालेली सिंचन क्षमता’ पाहिली जाते. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाले, पाणी अडले, क्षमता कागदावर नोंदली गेली. परंतु ते पाणी उचलून शेतापर्यंत नेणाऱ्या उपसा योजना दीर्घकाळ रखडल्या. नदीत पाणी दिसते, शेतात दिसत नाही, हा तापीकाठच्या शेतकऱ्याचा अनुभव आहे. खाली गुजरातेत उकाई धरण १९७२ पासून उभे आहे, हे त्याला ठाऊक असते.

भाषेचा उलटा न्याय

विकासाच्या हिशेबात खानदेश वेगळा नाही; भाषेच्या हिशेबात मात्र तो वेगळा आहे. जनगणनेत ‘खानदेशी’ ही मराठीहून निराळी भाषा म्हणून नोंदली जाते आणि अहिराणीची गणना तिच्यातच होते. २००१ मध्ये ती मातृभाषा असल्याचे सांगणाऱ्यांची संख्या सुमारे २०.७५ लाख होती. २०११ मध्ये ती १८.६० लाखांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि भाषक दोन लाखांनी घटले. ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषिक पाहणीत खानदेशी भिल्ली भाषांबरोबर ठेवली होती. तेव्हापासूनचा हा वेगळेपणा आहे. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद अभ्यासकांत आजही आहे.

या वेगळेपणाचा लाभ मात्र काही नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. कोकणी १९९२ मध्ये, मैथिली, डोगरी, बोडो आणि संथाली २००३ मध्ये तिच्यात आल्या. खानदेशी त्यात नाही. म्हणजे मराठीच्या आकड्यात ती धरली जात नाही आणि स्वतंत्र भाषेचे हक्कही तिला नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झाले. १९५२ नंतर ७२ वर्षांनी हा मान गावाला मिळाला होता. त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही येथे भरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अहिराणी बोलणाऱ्याने या दोन्ही घटनांचा आनंद मनापासून साजरा केला. परंतु त्याच्या मुलाच्या शाळेत अहिराणी आजही वर्गाबाहेरच असते.

दुसरी बाजू

खानदेशावर सर्वत्र अन्यायच झाला, असे चित्र रंगवणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ‘उर्वरित’मध्ये असण्याचे काही फायदेही होते. वैद्यकीय प्रवेशासाठी २०२० पर्यंत ७०:३० चे प्रादेशिक सूत्र होते. त्यानुसार आपल्या प्रदेशातील ७० टक्के जागा स्थानिक विद्यार्थ्यांना मिळत. मुंबई-पुण्यातील असंख्य महाविद्यालये खानदेशातील विद्यार्थ्यांसाठी ‘स्थानिक’ ठरत, तर मराठवाड्यातील विद्यार्थ्याला थोड्याच जागांवर समाधान मानावे लागे. अर्थात त्या जागांसाठी अक्कलकुव्याच्या मुलाची स्पर्धा दादर आणि डेक्कनच्या मुलांशी होती, हेही खरे.

राजकीय प्रतिनिधित्वाचा अभाव होता, असेही म्हणता येत नाही. खानदेशातील नेत्यांनी राज्यात महत्त्वाची खाती सांभाळली. २०१४ ते २०१९ या काळात जलसंपदा खातेच जळगाव जिल्ह्याकडे होते. २०२३ मध्ये अमळनेरचे आमदार मंत्री झाले आणि पाडळसेच्या सुधारित मान्यतेला गती आली. परंतु एखाद्या गावचा मंत्री झाला म्हणून कामाला वेग यावा, यातच व्यवस्थेची उणीव दडलेली आहे. मंत्रिपद जाते तसा वेगही जातो. घटनात्मक हमीचा उपयोग असतो तो सत्तेत आपला माणूस नसतानाच्या काळासाठी.

विदर्भ आणि मराठवाड्याचा अनुशेष खोटा आहे, असाही याचा अर्थ नव्हे. सिंचनाचा अनुशेष पुढील काळात अमरावती विभागातील अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या जिल्ह्यांत सर्वांत चिवट ठरला, हे राज्यपालांच्या निर्देशांतूनच दिसते. नावाने हमी असूनही तेथे ही स्थिती असेल, तर हमी हा रामबाण उपाय नाही हे उघड आहे. आंध्र प्रदेशाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९५६ च्या सभ्य गृहस्थांच्या कराराने तेलंगणाला आश्वासने दिली. ती पाळली गेली नाहीत आणि २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले.

मार्ग कोणता?

उत्तर महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळ असावे, ही मागणी वारंवार झाली आहे. कोकणातूनही तशी मागणी होते. कलम ३७१ मधील यादी अपरिवर्तनीय नाही. कर्नाटकात हैदराबाद-कर्नाटकातील जिल्ह्यांसाठी ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१-जे आले आणि तेथे शिक्षण व नोकऱ्यांत स्थानिकांसाठी राखीव जागांची सोय झाली. १९५६ मध्ये ज्याचे नाव नव्हते, त्याला अर्धशतकानंतर नाव मिळू शकते, हे त्यावरून सिद्ध होते. महाराष्ट्रातही २०१६ मध्ये उद्योगांना वीजदरात सवलत देताना सरकारने विदर्भ आणि मराठवाड्याबरोबर ‘उत्तर महाराष्ट्र’ हे नाव घेतले होते. म्हणजे इच्छा असली की खानदेश सरकारला वेगळा दिसतो.

परंतु घटनादुरुस्ती होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. डॉ. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ मध्ये समतोल प्रादेशिक विकासाचा विस्तृत अहवाल दिला. २०१४ च्या अखेरीस तो विधिमंडळासमोर आला आणि चर्चेनंतर बाजूला पडला. त्यानिमित्ताने पुढे आलेला प्रश्न कायम आहे: मोजायचे कोणत्या पातळीवर? ‘उर्वरित महाराष्ट्रा’च्या आकड्यांऐवजी जिल्हावार, आणि शक्य तेथे तालुकावार, खर्चाचे आणि सिंचनाचे आकडे दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळात ठेवले, तर त्यासाठी राष्ट्रपतींच्या आदेशाची गरज नाही. पाणी अडवले किती याबरोबरच शेतात पोहोचले किती, हाही रकाना त्यात असावा.

साने गुरुजींनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली, ती भारतातील सर्व भाषा आणि प्रांत बरोबरीच्या नात्याने एकमेकांना ओळखतील या आशेने. बरोबरीची पहिली अट एकमेकांना नावाने ओळखणे ही असते. पाडळशाचे पाणी शेतात येण्यासाठी नुसते नाव पुरणार नाही, हे अमळनेरचा शेतकरी जाणतो. पण आपल्या तालुक्याच्या वाट्याला आलेला आणि न आलेला पैसा निदान एका ओळीत वेगळा वाचता यावा, एवढी अपेक्षा तो नक्कीच करू शकतो. १९५३ पासून तो ‘उर्वरित’ या शब्दाखाली मोजला जात आहे, आणि त्या शब्दाखाली त्याचा आकडा अद्याप कोणाला वेगळा काढता आलेला नाही.